उजेडाची चाचणी

ऑपरेटर: ...एकदाच, बाई. पुन्हा सांगतो, एकदाच. ह्या डब्यातली फिल्म आता फिल्म राहिलेली नाही, वाळलेलं पान झालंय. फिल्म बघायच्या टेबलावरून एकदा जाईल ती जाईल. दुसऱ्यांदा लावायला गेलो तर हातात नुसता चुरा.

लेक: आणि कॉपी?

ऑपरेटर: कॉपीच्या मशीनला दात असतात. फिल्म आक्रसलीय, भोकांत ते दात बसत नाहीत. पंधरा दिवस झटलो, सगळे उपाय करून पाहिले. मोटरवर लावायचीही सोय नाही. मोटरला काय कळतंय, ती ओढत सुटते. हातानंच फिरवायला हवी. आणि हातही असा हवा की अडखळणार नाही, घाई करणार नाही.

लेक: म्हणून तर यांना घेऊन आले. बाबा, खिशातून हात काढा.

बाबा: गारठा आहे इथं.

ऑपरेटर: गारठा ठेवावाच लागतो, मास्तर. जुनी फिल्म उन्हाळ्यात आपणहून पेट घेते, हे तुम्हाला मी काय सांगायचं! बाई, रागावू नका, पण तुमचे वडील कोण आहेत हे ठाऊक आहे ना तुम्हाला?

लेक: एकसष्ट वर्षं त्यांची मुलगी आहे. थोडीफार ओळख आहे.

ऑपरेटर: तसं नव्हे हो! घड्याळमास्तर म्हणायचे यांना. कॅमेऱ्याला तेव्हा मोटर नव्हती, हँडल होतं. सेकंदाला दोन फेरे. जरा हळू झालं की पडद्यावर माणसं धावत सुटायची, जरा जोरात झालं की पाण्यातून चालल्यासारखी दिसायची. आणि यांच्या फिल्मवर मी स्वतः घड्याळ लावून बसलोय. अर्धा अर्धा तास बघा, फरक नाही! तो जुळ्या भावांचा सीन, मास्तर, तो कसा केलात? एकच नट, आणि डावीकडचा भाऊ उजवीकडच्याकडे चेंडू फेकतो!

बाबा: त्यात काय. अर्ध्या लेन्सवर काळा पुठ्ठा लावला. नट डावीकडे उभा. दोनशे अठरा फेरे मोजून घेतले. मग लेन्स झाकून दोनशे अठरा फेरे उलटे, फिल्म मागे. पुठ्ठा दुसऱ्या बाजूला, नटाच्या अंगात दुसरा कोट, आणि पुन्हा सुरू. मी मोठ्यानं मोजत होतो. नव्वदाव्या फेऱ्याला पहिल्यानं चेंडू फेकला होता, तर नव्वदाव्याच फेऱ्याला कडेला उभ्या माणसानं दुसरा चेंडू टाकायचा. नटानं तो झेलायचा.

ऑपरेटर: अगदी नव्वदाव्याच! मी एकेक चौकट पाहिलीय. चेंडू मधल्या रेघेवर कणभर अडत नाही.

बाबा: अडतो. दोन चौकटी. तुम्ही नीट पाहिलं नाहीत.

ऑपरेटर: घ्या! अंगावर काटा आला बघा माझ्या. दोन चौकटी म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत की हो. आणि पुराचा तो सीन? नदीत होडी उलटली, खरोखरची उलटली, सगळे पळाले आणि तुम्ही एकटे—

बाबा: हात थांबेना, म्हणून उभा राहिलो. त्यात शौर्य कसलं? पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा कळलं, आपण भिजतोय. होडीतल्या दोघांना पोहणाऱ्यांनी काढलं. मी त्यांना काढायला गेलो नाही, हेही सांगा लोकांना. सुरुवातीपासून ऐकायचंय का तुम्हाला? मी फोटोच्या दुकानात होतो. बायकांच्या फोटोतल्या गालांना ब्रशनं गुलाबी रंग द्यायचो. एक दिवस एक माणूस लाकडी पेटी घेऊन आला, म्हणाला, ह्यात माणसं चालतात. मी हसलो. त्यानं पेटी रस्त्याकडे लावली, आणि आठ दिवसांनी पडद्यावर आमच्याच रस्त्यावरून आमचाच पाववाला चालत गेला. त्याच्या सायकलच्या चाकाची तार तुटलेली होती, तीसुद्धा दिसली. मी दुसऱ्या दिवशी दुकान सोडलं.

ऑपरेटर: वा!

बाबा: मग चौदा वर्षं हँडल. मग सिनेमाला आवाज आला. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येते म्हणून त्याला खोलीत कोंडलं, मोटर लावली. आवाज आला आणि माझा हात गेला. पुढं लॅबमध्ये प्रती तपासत बसलो, निवृत्त होईपर्यंत. तर मोटर आली त्या वर्षीची गोष्ट सांगतो—

लेक: बाबा.

बाबा: काय?

लेक: तुम्ही वेळ काढताय.

बाबा: ते विचारताहेत, मी सांगतोय.

लेक: आठवड्यात चार शब्द बोलणारा माणूस आज तासभर बोलतोय. शाळेत तीस वर्षं काढलीत मी. गृहपाठ न केलेलं मूल असंच बोलतं.

ऑपरेटर: मी जरा बाहेर जाऊन चहाचं बघू का?

लेक: तुम्ही बसा. तुम्हालाही कळू दे. हा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, गाद्यांच्या मागे होता. मी घर झाडायला काढलं म्हणून सापडला, नाहीतर यांच्यामागं मी तो भंगारात दिला असता. वर काय लिहिलंय? ‘सकाळच्या चाचण्या.’ मी विचारलं, ह्यात कोण आहे? दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, तुझी आई.

ऑपरेटर: अहो! मला फक्त चाचण्या आहेत एवढंच सांगितलं होतंत.

लेक: मी चार महिन्यांची असताना आई गेली. देवीच्या साथीत. तेव्हा घरातलं सगळं जाळायचे. अंथरूण, कपडे, फोटोंची पेटीसुद्धा. मी तिला पाहिलेलंच नाही. एक फोटो नाही. लोक म्हणायचे, नाक तिचं आहे, मी आरशात नुसतं नाक बघत बसायचे. आणि ही एवढीशी फिल्म बासष्टाव्या वर्षाला टेकल्यावर गादीमागून निघते! आता हे हात खिशात घालून बसलेत.

ऑपरेटर: मास्तर, चाचणी म्हणजे रोज पहिल्या शॉटच्या आधी घ्यायची ती ना?

बाबा: हो. दिवे नव्हते आम्हाला. स्टुडिओला काचेचं छप्पर. वर पांढरे पडदे, दोऱ्यांनी ओढायचे. ऊन आज किती आहे, ढग कसा आहे, हे डोळ्यांना कळतं पण फिल्मला वेगळं कळतं. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. लाल असेल ते काळं. निळं असेल ते पांढरं. म्हणून रोज सकाळी एक माणूस पाटी धरून उभा करायचा, पाटीवर आकडा, आणि पाच-सहा फेरे फिरवायचे. तुकडा लगेच धुवायचा, ओला असतानाच बघायचा, मग ठरवायचं, लेन्स किती उघडायची. नट येणार रंग थापून. मला बिनरंगाचा चेहरा लागायचा. ही माझा जेवणाचा डबा घेऊन यायची. म्हटलं, उभी राहा.

ऑपरेटर: आणि तुकडे?

बाबा: फेकायचेच असतात. आमचा धुलाईमास्तर होता, मिशाळ, तापट, कामात मात्र देवमाणूस. त्यानं ते फेकले नव्हते. ती गेल्यावर त्यानं सगळे ओळीनं जोडले, एक प्रत काढली आणि डबा माझ्या हातात दिला. ज्या माणसाला मी चार लोकांत शिव्या दिल्या होत्या, त्यानं.

लेक: शिव्या कशाबद्दल?

बाबा: ते राहू दे.

लेक: बाबा, तुम्ही हा डबा एकदाही उघडला नाहीत. का, ते सांगा. मग नाही म्हणालात तरी चालेल. मी डबा घेऊन घरी जाईन.

बाबा: शेवटचा तुकडा आहे त्यात.

लेक: मग?

बाबा: त्या दिवशी मोठा सीन होता. दोनशे माणसं रस्त्यावर उभी. चाचणी घेतली, धुऊन आली. ओली निगेटिव्ह उजेडासमोर धरली, तर तिच्या चेहऱ्यावर बारीक बारीक पांढरे ठिपके. तसे ठिपके केव्हा येतात सांगा?

ऑपरेटर: रसायनात बुडबुडे राहिले तर. फिल्मला चिकटतात, तेवढी जागा धुतली जात नाही.

बाबा: बरोबर. कुठलाही कॅमेरावाला हेच सांगेल. मी तडक धुलाईखोलीत गेलो, म्हटलं, गाढवा, टाकी हलवत नाहीस, बुडबुडे ठेवतोस! तो म्हणाला, मास्तर, आईशपथ हलवली. मी टाकी ओतायला लावली. सगळं रसायन मोरीत. दुपारपर्यंत तेच चाललं होतं. चौथ्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर देवी उमटल्या. त्याच जागी.

ऑपरेटर: म्हणजे... ते बुडबुडे नव्हते.

बाबा: कातडीखाली लाली आली होती. तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसत नव्हती, फिल्मला दिसली. फिल्मला लाल काळं दिसतं, निगेटिव्हमध्ये ते पांढरं. मला सगळं ठाऊक होतं हो! उठता-बसता लोकांना तेच शिकवायचो. आणि पाटीवर ठिपके नव्हते, हातांवर नव्हते, मागच्या भिंतीवर नव्हते. बुडबुडे काय चेहरा निवडून बसतात? एवढंसुद्धा सुचलं नाही. चार दिवस आधी मला फिल्मनं सांगितलं होतं, आणि मी टाकी ओतत बसलो. तू अंगावर पीत होतीस. तुला तिच्यापासून लांब करायला हवं होतं, डॉक्टर आणायला हवा होता. तू वाचलीस ते नशीब तुझं. माझ्यावर असतं तर दोघी गेल्या होतात. बोल की. शाळेत बोलायचीस तसं बोल.

लेक: एकसष्ट वर्षं हे एकटेच घेऊन बसलात?

बाबा: कुणाला सांगायचं? तुला?

लेक: हो, मला. बाबा, मला तिला बघायचंय. ठिपक्यांसकट. शेवटच्या तुकड्याला तुम्ही डोळे मिटा, हात फिरला तरी पुरे.

बाबा: डोळे मिटून फिरवता येत नाही.

लेक: मग उघडे ठेवा.

बाबा: खुर्ची जरा पुढं घ्या माझी. अजून. कोपर मोकळं पाहिजे.

(दिवा मालवला जातो. टेबलातल्या वहीच्या पानाएवढ्या काचेखाली फिकट उजेड. हँडलचा संथ आवाज.)

ऑपरेटर: नुसतं काळंच येतंय... थांबा, आलं. पाटी. आकडा एक.

लेक: हीच?

बाबा: हीच.

लेक: ही तर पोर आहे! बाबा, ही केवढीशी आहे!

बाबा: वीस वर्षांची.

लेक: माझी नात हिच्याहून मोठी दिसते. अगं बाई... हलतेय! मी नुसता फोटो असेल असं धरून चालले होते. ही डोळे मिचकावतेय. हिला ऊन लागतंय.

बाबा: पडदा ओढायचा राहिला होता त्या दिवशी.

ऑपरेटर: काय पण स्पष्ट! बाई, पापणीचा केस न् केस मोजून घ्या. आजच्या कॅमेऱ्यांनी हात टेकावेत.

लेक: आता दुसरा दिवस? हो, केस वेगळे बांधलेत. तीन. चार. आणि हे काय करतेय? बोटाला थुंकी लावून पाटी पुसतेय?

बाबा: माझे आकडे चुकायचे. पाचनंतर मी पुन्हा पाच लिहिला होता. ती कॅमेऱ्यासमोरच दुरुस्त करायची. सगळे हसायचे मला.

लेक: आणि स्वतःही हसतेय! दात बघा केवढे! पुढचे दोन एकमेकांवर चढलेत. मला कुणी सांगितलं नाही, हिचे दात असे होते. नाक नाक करत बसले सगळे.

ऑपरेटर: मास्तर, सावकाश, जोड येतोय.

बाबा: कळला. गेला.

ऑपरेटर: गेला! कसा कळला तुम्हाला? मला दिसायच्या आत हात सैल झाला.

लेक: गप्प बसा हो जरा. चाळीस. एक्केचाळीस. इकडे बघतच नाही आज, तोंड फुगवलंय.

बाबा: भांडलो होतो.

लेक: कशावरून?

बाबा: आठवत नाही. बेचाळीसला बघ, मिटलेलं असेल.

लेक: मिटलंय! बाबा, मिटलंय, तुमच्याकडेच बघतेय. लेन्सच्या जरा वर. तुम्ही तिथं होतात ना?

बाबा: हो.

लेक: कशी बघतेय... एवढं कुणी बघतं का कुणाकडे! मी तुमच्याकडे असं कधी बघितलंच नाही. हे पोट?

बाबा: तू.

लेक: मी. एकोणसत्तर. सत्तर. पाटी पोटावर टेकवलीय, ठेवायला फळीच झाली तिला. आणि... अगं आई गं, हे कोण ध्यान?

बाबा: धुलाईमास्तर. तू झालीस ना, चाळीस दिवस त्याला उभा करत होतो.

ऑपरेटर: निम्मा चेहरा मिशीनंच झाकलेला, त्यावरून उजेड मोजणार काय, मास्तर!

बाबा: त्या महिन्याचं सगळं काम काळवंडलं. मालक ओरडला.

लेक: आली! एकशे बारा. आणि कडेवर... ती मी आहे? डोक्यावर केस नाही एक.

ऑपरेटर: बाई, रुमाल घ्या. फिल्मवर पाणी नको.

लेक: एका हातानं पाटी, एका हातानं मी. मी पाटी चाटतेय. एकशे वीस. मोठी होतेय मी. बघा ना बाबा, तीन तीन सेकंदांनी मोठी होतेय! मान धरली. एकशे तीस, तिच्या कानातलं ओढतेय. ती मला काहीतरी म्हणाली. माझ्याशी बोलली ती! ऐकू येत नाही, पण बोलली, मी पाहिलं.

बाबा: रोज बोलायची. तू तिच्याकडे बघून खिदळायचीस.

लेक: मी होते तिथं. रोज होते. मला वाटायचं, मी तिला पाहिलेलंच नाही. दोन महिने रोज सकाळी पाहिलंय की मी तिला!

ऑपरेटर: मास्तर, थोडीच उरलीय. हात दुखतोय का?

बाबा: हात ठीक आहे. एकशे पन्नास. एकशे एक्कावन्न. हा आता येईल तो.

लेक: आला.

बाबा: दिसले?

लेक: दिसले. कपाळावर आणि गालांवर. बारीक आहेत. बाबा, थांबवता येईल का?

ऑपरेटर: थांबली तर तुटेल, बाई.

लेक: मग जरा हळू. बाबा, मी कुठाय?

बाबा: काय?

लेक: मी. रोज कडेवर आहे. आज दोन्ही हातांनी पाटी धरलीय. मी नाहीये.

बाबा: आत्याकडे गेलीस ती नंतर. ताप चढल्यावर शेजारणीनं नेऊन सोडलं तुला.

लेक: शेजारीण नव्हे. आत्यानं मला कितीदा सांगितलंय, सकाळी दिवस उजाडायला तुझी आई स्वतः आली. तुला उंबऱ्यावर ठेवलं, आत पाऊल टाकलं नाही, मी जवळ गेले तर मागे सरली. चार दिवस सांभाळा म्हणाली आणि वळूनही न बघता गेली. मला जन्मभर तेच लागून राहिलं होतं, की वळूनही बघितलं नाही. मी आत्याला विचारायचे, तोंडावर काही होतं का तिच्या? आत्या म्हणायची, काही नव्हतं गं, चेहरा नितळ होता.

ऑपरेटर: नितळ... म्हणजे ह्याच सकाळी.

बाबा: थांब. ती पुसट आहे.

लेक: कोण?

बाबा: ती. कडा बघ, चेहरा पुसट आहे. जमिनीवर खडूची रेघ असायची, त्या रेघेवर उभं राहिलं की चेहरा लख्ख यायचा. इतक्या दिवसांत ती रेघ चुकली नाही. आज मागे आहे. दोन पावलं. मी वैतागलो होतो तिच्यावर, की नीट उभी राहत नाहीस, पुढं ये. ती नाही म्हणाली. नुसती मान हलवली. बघ, हलवतेय.

ऑपरेटर: संपली, मास्तर. शेपूट गेलं.

लेक: ती तुमच्याजवळ येत नव्हती, बाबा. तिला कळलं होतं. फिल्मच्याही आधी. मला सोडलं, तुम्हाला दोन पावलं लांब ठेवलं. तुम्ही वाचवायचं असं राहिलं होतं काय? तिनं सगळं करून ठेवलं होतं.

बाबा: मग आली कशाला? अंगात ताप, मूल दुसऱ्याच्या घरी, निजायचं घरात. मी म्हटलं असतं, उभं करू दुसऱ्या कुणाला.

लेक: केलं असतंत?

बाबा: दोनशे माणसं रस्त्यावर उभी होती गं. तिला ठाऊक होतं, तिचा चेहरा पाहिल्याशिवाय मला उजेड कळत नाही.